मृत्युपत्र बदलायचंय? जुन्या कागदावर खाडाखोड नको, नवा कागद करा

२०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली. बुलढाणा जिल्ह्यातून सुरुवात झालेल्या या मोहिमेत मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं लावण्याचं काम गावोगावी झालं. वारस ठरलेले होते तिथं काम सरळ झालं. पण पेटीतून वीस वर्षांपूर्वीचं मृत्युपत्र निघालं की घरात दोन तट पडतात. कागदात लिहिलेलं एक, आबा शेवटी बोलून गेले ते दुसरं. कायदा कागद बघतो, बोललेलं सोडून देतो.

खेड्यात मृत्युपत्र करणारेच मुळात कमी. ज्यांनी केलं, त्यातले बहुतेक पुन्हा त्याकडं बघत नाहीत. एकदा नोंदणी झाली म्हणजे दगडावरची रेघ, असा समज आहे. दुसरी अडचण वकिलाच्या फीची. एक ओळ बदलायला पुन्हा हजारो रुपये कशाला, म्हणून गोष्ट पुढं ढकलली जाते. खरं तर साध्या बदलाला वकील लागतोच असं नाही. नियम मात्र नीट पाळावे लागतात.

कागद जुना का होतो

एक उदाहरण घेऊ. समजा, २००६ साली एका शेतकऱ्यानं लिहून ठेवलं : विहिरीचा गट थोरल्याला, रस्त्याकडचा गट धाकट्याला, घर दोघांत. पुढं रस्त्याकडचा गट महामार्गात गेला. मोबदला आला, त्यात घर बांधलं, थोडी रक्कम बँकेत राहिली. लेक नवऱ्याच्या मागं माहेरी आली आणि म्हाताऱ्या आईबापाचं तीच करू लागली. कागद तोच राहिला.

आता बाप वारला तर काय? नेमून दिलेली वस्तू मरतेवेळी मालकीची उरलेली नसेल, तर ती देणगी साधारणपणे लागू होत नाही. त्या जमिनीचा पैसा आपोआप धाकट्याला जात नाही. लेकीचं नाव कागदात कुठंच नाही. आईनं कुठं राहायचं, हेही लिहिलेलं नाही. कुणी लबाडी केलेली नसताना घर कोर्टात उभं राहतं.

म्हणून घरात लग्न, मृत्यू, वाटणी, भूसंपादन, जमिनीची खरेदी-विक्री किंवा गटाचा पोटहिस्सा झाला की मृत्युपत्र काढून एकदा वाचावं.

बदलायचे दोन रस्ते

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे माणूस शुद्धीवर आहे तोवर मृत्युपत्र कितीही वेळा बदलू किंवा रद्द करू शकतो. शेवटचं मृत्युपत्र चालतं.

पहिला रस्ता पुरवणीचा. कायद्याच्या भाषेत याला क्रोडपत्र म्हणतात. बदल एखादाच असेल तर हे पुरतं. त्यात मूळ मृत्युपत्राची तारीख, नोंदणी क्रमांक असल्यास तो, कोणतं कलम बदललं आणि बाकी मजकूर कायम, एवढं लिहायचं.

दुसरा रस्ता नव्या मृत्युपत्राचा. दोनापेक्षा जास्त बदल असतील तर हाच बरा. सुरुवातीलाच स्पष्ट लिहावं : “यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या मी रद्द करीत आहे. हे माझे शेवटचे मृत्युपत्र आहे.” ही ओळ राहिली की दोन कागद एकमेकांशी भांडतात.

तिसरा रस्ता लोक सर्रास वापरतात, तो म्हणजे जुन्या कागदावर पेन चालवणं. एक नाव खोडलं, वर दुसरं लिहिलं, सही ठोकली. कलम ७१ प्रमाणे अशा दुरुस्तीजवळ करणाऱ्याची आणि साक्षीदारांच्या सह्या मृत्युपत्रासारख्याच रीतीनं झालेल्या नसतील, तर तिला किंमत नाही. नुसता कागद फाडूनही गोंधळ होतो. घरची प्रत फाटली तरी नोंदणीच्या कार्यालयात नक्कल असते.

सही आणि साक्षीदार

कागद साधा चालतो, स्टॅम्प लागत नाही. भाषा मराठी चालते, हातानं लिहिलेलं चालतं. कलम ६३ मधली अट मात्र सुटत नाही : करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार. साक्षीदारांनी त्याला सही करताना बघितलेलं हवं किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं. मग साक्षीदारांनी त्याच्यासमोर सही करायची. पुरवणीलाही हीच रीत.

‘तू सही करून ठेव, आबांची नंतर घेतो’ असं पारावर चालतं, कोर्टात चालत नाही. मृत्युपत्र सिद्ध करायला हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते. नोंदणी केलेली असली तरी लागते. म्हणून साक्षीदार वयानं लहान, गावात राहणारे आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्यावेत. सत्तरीच्या आबांनी पंच्याहत्तरीच्या मित्राची साक्ष घेतली, तर पुढं कोर्टात उभं कोण राहणार?

करणारा अंगठेबहाद्दर असेल तर मजकूर वाचून दाखवला आणि त्याला समजला, अशी ओळ घालावी. आजारी किंवा फार वयस्कर असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. दाखला सक्तीचा नाही, पण ‘आबांना काही कळत नव्हतं’ या आक्षेपाला तोच उत्तर देतो. ज्या मुलाला सगळं मिळणार, त्यानंच कागद लिहून आणला आणि तोच पुढं पुढं करत होता, असं दिसलं तर कोर्ट संशयानं बघतं. एखाद्या वारसाला कमी द्यायचं असेल तर कारण एका ओळीत लिहावं.

नोंदणी करावी का?

सक्ती नाही. नंतरचं बिननोंदणीचं मृत्युपत्रसुद्धा आधीचं नोंदणीकृत मृत्युपत्र रद्द करू शकतं. पण पहिलं नोंदवलेलं असेल तर दुसरंही नोंदवणं शहाणपणाचं. दुय्यम निबंधक कार्यालयात मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी फी नाममात्र असते, पानांप्रमाणे हाताळणीचे पैसे वेगळे. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर अधिकाऱ्यानं घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद आहे.

सातबाऱ्यावर काय होतं

मृत्यूनंतर मृत्युपत्राची प्रत आणि मृत्यूचा दाखला देऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडं, फेरफारासाठी अर्ज करावा लागतो. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली की प्रकरण वादाच्या नोंदवहीत जातं. मृत्युपत्र खरं की खोटं, याचा शेवटचा निकाल दिवाणी कोर्टच देतं. फेरफार हा महसुली नोंदीपुरता असतो, त्यानं मालकी ठरत नाही. मुंबई शहरात प्रोबेटचा जो व्याप असायचा, तशी सक्ती ग्रामीण भागातल्या जमिनीला नाही.

बँक खात्यावरचं वारसनाव, म्हणजे नॉमिनी, हाही फसवा भाग. नॉमिनी रक्कम उचलतो, पण मालक वारसच राहतात. विमा पॉलिसीबाबत सुप्रीम कोर्टानं १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणून मृत्युपत्र बदलताना बँक आणि सोसायटीतली नावंही तपासावीत.

कुठं स्वतः करू नये

वडिलोपार्जित जमीन असेल तर स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला जन्मानंच हिस्सा आहे. बापाच्या मृत्युपत्रात तिचं नाव नाही, म्हणून तो हिस्सा बुडत नाही. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्रानं देता येत नाही. वर्ग २ ची, कुळकायद्याची किंवा आदिवासी जमीन, दोन लग्नं, घरात अपंग मूल, कोर्टात चालू दावा, यापैकी काही असेल तर सल्ला घ्यावाच.

तो सल्लाही विकत घ्यावा लागेल असं नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत मदत मिळते, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१०० आहे.

मूळ कागद कुठं ठेवला, हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. मृत्युपत्र जिवंतपणी कुणाला काही देत नाही, मालकी शेवटपर्यंत म्हाताऱ्याच्याच हातात राहते. बक्षीसपत्राचं तसं नाही, तिथं दिलं की गेलं. म्हणून मृत्युपत्र बदलण्यात अपशकुन काही नाही. खर्च एका कागदाचा, एका दुपारचा आणि दोन भरवशाच्या साक्षीदारांचा. तो टाळला तर मागं राहिलेली म्हातारी आणि लेक कोर्टाच्या पायरीवर बसतात.