खांबाचा पाय

पडलेल्या पाटीबद्दल माझी तक्रार नाही. आडव्या पाटीवर कुणी विश्वासच ठेवत नाही. माझं भांडण आहे ते उभ्या राहून जागच्या जागी फिरणाऱ्या पाटीशी!

आमच्या सोलापूरकडच्या नाक्यावर अशी एक होती. वर 'दवाखाना' आणि एक बाण. ती बसवताना मी गॅलरीतून पाहिली. दोघांनी पहारीनं वीतभर खड्डा केला, नळी उभी केली, माती लोटली, भोवती चार दगड ठोकले आणि चहाला गेले, ते गेलेच. पहिल्या पावसात खांब कलला. मग त्याला कुणाची शेळी बांधली गेली, कुणाची कपड्यांची दोरी. एका म्हशीनं तर तिथं रोज पाठ खाजवायचा नेमच धरला. दसऱ्यापर्यंत बाण स्मशानाकडे वळला. "खात्याची दूरदृष्टी!" म्हणून मी चारचौघांत हशा मिळवला.

एका रात्री बारा वाजता दार वाजलं. परगावचा पोरगा, रिक्षात पोटदुखीनं तळमळणारी त्याची आई. स्मशानाच्या फाटकापर्यंत जाऊन आला होता. "काका, पाटी तर तिकडंच दाखवते हो!" मी रिक्षात बसलो. म्हातारी वाचली, माझा विनोद मात्र गेला. पाटी नसती, तर पोरानं आधीच कुणाचं तरी दार ठोठावलं असतं. पाटी होती म्हणून तो चुकला!

तुम्ही म्हणाल, काळी जमीन ती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अहो, म्हणून तर काँक्रीट! पाटी कशी असावी हे सांगणारी इंडियन रोड्स काँग्रेसची अख्खी संहिता आहे, क्रमांक 67. वीतभर खड्ड्याला ती काय करणार? गवंड्याला विचारा. दीड फूट औरस-चौरस, दोन फूट खोल खड्डा. तळाशी खडी. नळीच्या बुडाला आडवी सळई जोडलेली, म्हणजे म्हशीनं कितीही मनावर घेतलं तरी खांब फिरत नाही. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. ओळंबा लावायचा, टेकू द्यायचा, माथ्याला उतार ठेवायचा, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. सात दिवस पाणी मारायचं. सिमेंट किती? 50 किलोची एक गोणी, तीही थोडी उरते. आणि म्हणे तरतूद नाही! रंगाला आहे, उद्घाटनाच्या नारळाला आहे. जमिनीखाली जे दिसत नाही, त्याला तेवढी नाही.

तीन अर्ज केले. शेवटी गवंडी बोलावला आणि पदरच्या पैशानं बेकायदेशीर काँक्रीट ओतलं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घालताना पाहून शेजाऱ्यांनी विचारलं, "काय लावलंत?" म्हटलं, "खांब."

आमची ही गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "चला, आयुष्यात एक तरी गोष्ट तुमच्या हातून ठाम उभी राहिली!"