बालेवाडीत निसटलेले सहा गुण

१८ सप्टेंबर २०२३ ला हरतालिका होती. दुसऱ्या दिवशी घरोघर गणपती यायचे होते. त्या संध्याकाळी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातील क्लब फुटबॉलच्या सर्वांत वरच्या स्पर्धेचा सामना झाला. इराणच्या नसाजी माझंदरानने मुंबई सिटीला २-० असे हरवले. पुढे ४ डिसेंबरला, आळंदीत कार्तिकी यात्रेची तयारी चालू असताना, त्याच मैदानावर उझबेकिस्तानच्या नवबहोरने मुंबईवर २-१ अशी मात केली. मुंबई सिटीने त्या मोसमात गटातले सहाही सामने गमावले, १७ गोल खाल्ले आणि एकच गोल केला. चर्चा मात्र त्याच गटातल्या, नेमारच्या सौदी क्लब अल हिलालचीच झाली. दुखापतीमुळे नेमार भारतात आलाही नाही. आमच्या मते मुंबईचे भवितव्य अल हिलालविरुद्ध नव्हे, बालेवाडीतल्या या दोन सामन्यांत ठरले.

हे पटण्यासाठी गटसाखळीचे गणित नीट समजून घ्यावे लागते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या असंख्य तरुणांना युरोपातल्या गटांची गणिते तोंडपाठ असतात. आशियातले गणित तेव्हा वेगळे नव्हते. गटात चार संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, विजयाला ३ गुण, बरोबरीला १. म्हणजे जास्तीत जास्त १८ गुण. २०२३-२४ च्या नियमांनुसार पश्चिम आशियातल्या पाच गटांचे विजेते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या पाचांपैकी सर्वोत्तम तीन संघ बाद फेरीत जाणार होते. गटात एखादा बलाढ्य संघ असतोच आणि तो बहुधा सगळ्यांनाच हरवतो, त्यामुळे त्याच्याशी झालेल्या पराभवाने बाकीच्या तिघांमधले अंतर फारसे बदलत नाही. खरी चुरस दुसऱ्या जागेसाठी असते. तिथे मधल्या दोन संघांकडून घेतलेला प्रत्येक गुण आपल्याला वर नेतो आणि त्यांना तिथेच रोखतो. नवबहोर १३ गुणांसह पुढे गेला. त्यातले ६ गुण मुंबईकडून आले होते.

आपल्या क्लबांना असे पुढे जाणे जमतच नाही, असे म्हणणे मात्र खरे नाही. २०२२ मध्ये मुंबई सिटीने ते जवळपास जमवले होते. त्या वर्षी गटाचे सर्व सामने रियाधमध्ये एप्रिलमध्ये झाले. सौदीच्या अल शबाबने पहिल्याच सामन्यात ३-० असे हरवले. पण ११ एप्रिलला इराकच्या अल-कुवा अल-जाविया, म्हणजे तिथल्या हवाई दलाच्या क्लबविरुद्ध पिछाडीवरून मुंबईने २-१ असा विजय मिळवला. दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि राहुल भेकेने हेडरवर विजयी गोल केला. चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा हा पहिला विजय, आणि तो एका मराठी बचावपटूच्या गोलने आला, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो. त्याआधीच्या वर्षी फातोर्ड्याच्या घरच्या मैदानावर एफसी गोवाने तीन बरोबरी साधून दार किलकिले केले होते. मुंबईने ते उघडले. अमिरातीच्या अल जझीराकडून एकदा ०-१ असा पराभव, एकदा गोलशून्य बरोबरी, आणि शेवटी हवाई दलाच्या क्लबवर पुन्हा १-० असा विजय. एकूण ७ गुण आणि गटात दुसरे स्थान.

तरीही मुंबई बाहेर पडली. गटात दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्यांचे आपसांतले सामने पाहिले जातात. त्यामुळे एका प्रतिस्पर्ध्याला दोनदा हरवण्याचे मोल मोठे असते. पण वेगवेगळ्या गटांतले दुसरे संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात. त्यांची तुलना गुणांवर आणि मग गोलफरकावर होते. मुंबईने ३ गोल केले होते आणि ११ खाल्ले होते. त्यातले ६ अल शबाबविरुद्धच्या दुसऱ्या एकाच सामन्यात. सामना हातून गेल्यावरही शेवटच्या मिनिटापर्यंत बचाव घट्ट ठेवायचा असतो, तो यासाठी. आणि अल जझीराविरुद्धच्या दोन सामन्यांतून एका गुणाऐवजी चार मिळाले असते, तर मुंबईचे १० गुण झाले असते.

मग दीड वर्षात असे काय बदलले की ७ गुणांचे शून्य झाले? प्रतिस्पर्धी अधिक तगडे होते, हे मान्य. जून २०२३ मध्ये सौदी सरकारच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने अल हिलालसह चार क्लबांचे ७५ टक्के भाग घेतले आणि कुलिबाली, रुबेन नेवेस, मित्रोविच असे खेळाडू एका संघात आले. त्याच मोसमापासून आशियात मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची मर्यादा चारवरून सहावर गेली. इंडियन सुपर लीगमध्ये ती चारच राहिली. म्हणजे आपले क्लब ज्या घडणीचा संघ वर्षभर खेळवतात, त्याहून वेगळ्या घडणीच्या संघांशी त्यांची गाठ पडते.

पण नसाजी आणि नवबहोर हे काही अल हिलाल नव्हते. त्यांच्याशी आपण हरलो ते मुख्यतः वेळापत्रकामुळे, असे आमचे मत आहे. नसाजीशी सामना झाला तेव्हा आपली लीग सुरूच झालेली नव्हती, ती तीन दिवसांनी, २१ सप्टेंबरला सुरू झाली. मुंबईचा आधीचा स्पर्धात्मक सामना ऑगस्टअखेरीस ड्युरँड कपमध्ये झाला होता. इराणमधली लीग ऑगस्टपासून चालू होती, आणि उझबेकिस्तानचा मोसम तर वसंत ऋतूतच सुरू होतो. उलट २०२२ मध्ये लीगमधले आपले सामने मार्चच्या सुरुवातीला संपल्यावर मुंबईला महिनाभर फक्त या स्पर्धेची तयारी करता आली होती. पुढे नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅमही इंग्लंडला गेले आणि शेवटचे दोन सामने संघ त्यांच्याविना खेळला.

आता घरच्या मैदानाविषयी. रियाधमध्ये अल हिलालने मुंबईवर ६ गोल केले. दोनच आठवड्यांनी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, मोठ्या गर्दीपुढे, त्याच संघाला २ गोलांवर थांबावे लागले आणि मध्यंतरापर्यंत तर गोलफलक कोराच होता. आपल्या प्रेक्षकांपुढे दमलेला बचावपटूही आणखी एकदा धावतो. बालेवाडी मात्र मुंबईसाठी उसने घर होते. क्लबचे नेहमीचे अंधेरीचे मैदान आशियाई महासंघाच्या निकषांत बसत नव्हते, म्हणून क्लब इकडे आला. आपल्याकडे उत्तम मैदान आहे, २०२२ च्या महिला आशियाई चषकाचे सामनेही इथे झाले. पण त्या मैदानाला स्वतःचा वरच्या दर्जाचा क्लब उरलेला नाही. पुणे एफसी २०१४ मध्ये आशियाच्या दुय्यम स्पर्धेत, एएफसी कपमध्ये, खेळला आणि पुढच्याच वर्षी त्याचा मुख्य संघ बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. दोन्ही क्लबांनी इथल्या मुलांना आठवडी सामन्यांची सवय लावली आणि ती रुजण्याआधीच मोडली. याची खंत पुणे जिल्ह्यातल्या फुटबॉलप्रेमींना अजून आहे.

चाकणला सेकंड शिफ्ट करणाऱ्या कामगाराला सोमवारी संध्याकाळी बालेवाडीला पोचणे जमत नाही, हे समजण्यासारखे आहे. आळंदीहून मोशी, भोसरी, नाशिक फाटा, वाकड असे करत जायचे तर एरवीसुद्धा वेळ हाताशी ठेवावा लागतो. हरतालिका किंवा कार्तिकी तोंडावर असेल तर विचारायलाच नको. सामन्याच्या तारखा आशियाई महासंघ ठरवतो, त्या बदलता येत नाहीत. पण पीएमपीएमएलच्या जादा बस, शाळांसाठी राखीव तिकिटे आणि महिनाभर आधीपासून या पट्ट्यातल्या मुलांपर्यंत पोचणे हे क्लबच्या, महापालिकेच्या आणि राज्य फुटबॉल संघटनेच्या हातात आहे. लाखो वारकऱ्यांची ये-जा सांभाळणाऱ्या यंत्रणेला काही हजार प्रेक्षकांची सोय अवघड नाही.

२०२४ पासून स्पर्धेची रचना बदलली आहे. युरोपाप्रमाणे आशियातही वरच्या स्पर्धेतले चार-चारचे गट गेले. भारतीय क्लब त्या वर्षापासून चॅम्पियन्स लीग टू या दुसऱ्या स्तरावर खेळू लागले. तिथे चारचे गट कायम आहेत, आणि गटातले पहिले दोन संघ थेट पुढे जातात. इतर गटांशी तुलनेची अट नाही. २०२२ मधली मुंबईची कामगिरी या नियमात पुरेशी ठरली असती. तरीही मोहन बागान २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षे इराणला सामन्यासाठी न गेल्याने स्पर्धेबाहेर धरला गेला. २०२५ मध्ये आपल्या लीगचे भवितव्यच टांगणीला लागलेले असताना एफसी गोवाने पहिले चारही सामने गमावले. त्यांतल्या अल नस्रविरुद्धच्या घरच्या लढतीत ब्रायसन फर्नांडिसने केलेला गोल, आणि १-२ असा निसटता पराभव, हीच जमेची बाजू.

महाराष्ट्राच्या क्लबला अशा गटातून पुढे जायचे तर घरी ७ आणि बाहेर ३ अशा १० गुणांचे लक्ष्य धरावे लागेल. ते कठीण आहे, पण आवाक्यात आहे. त्यासाठी फुटबॉल महासंघाने लीगचा मोसम आशियाई स्पर्धेच्या किमान महिनाभर आधी सुरू करावा, आणि राज्याने बालेवाडीला कायमचा क्लब मिळवून द्यावा. पुढच्या वेळी तिथे आशियाई सामना लागेल तेव्हा आळंदी, चाकण आणि भोसरीच्या वाचकांनी तिकीट काढून, मुलांना घेऊन जरूर जावे.