एका गुणाचा खेळ आणि गोळीचा लॉट

ऑगस्ट 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. फ्लेक्स लागले, मिरवणूक निघाली, सरकारनं 1 कोटी जाहीर केले. सगळं रास्तच. पण फायनलच्या आदल्या दिवशीचे दोन आकडे परत एकदा बघा. पात्रता फेरीत 60 गोळ्यांत स्वप्नीलचे 600 पैकी 590 गुण, सातवा नंबर, फायनलमध्ये प्रवेश. आपलाच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर 589 गुणांवर थेट अकरावा, म्हणजे बाहेर. एक गुण! तोमरची गोळी खराब होती असं मी अजिबात म्हणत नाही. हा खेळ किती बारीक आहे, एवढंच सांगतोय.

50 मीटरवरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. गोळी 5.6 मिलिमीटरची. नुसता काठ शिवला तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य मधोमधपासून 8 मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. आता समजा पोरानं नेम अगदी अचूक धरला, श्वास रोखला, चाप बरोबर दाबला, पण एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला 10 मीटरनं कमी निघाला. साधं शाळेतलं गणित केलं तरी ती 7-8 मिलिमीटर खाली बसते. पोराची चूक शून्य आणि गुण मात्र जायच्या काठावर.

परदेशात 1000 यार्डांवर मोठ्या रायफलनं नेमबाजी करणारे बरेच लोक यावर स्वतःच इलाज करतात. काडतूस घरीच भरायचं, दारू (बंदुकीची!) काट्यावर तोलायची, आपल्या नळीला काय मानवतं ते महिनोन् महिने तपासत बसायचं. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्यात गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे, त्यात ढिलाई नकोच. शिवाय स्वप्नील, तेजस्विनी सावंत यांच्या प्रकारातलं पॉइंट टू टू काडतूस घरी भरण्यासारखं नसतंच. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. एकदा उडालं की संपलं.

मग उरतं काय? निवड. एकाच कंपनीचं, एकाच किमतीचं, एकाच नावाचं काडतूस असलं तरी प्रत्येक लॉट थोडा वेगळा उतरतो. एका रायफलला मानवणारा लॉट दुसरीला मानवेलच असं नाही. म्हणून इंग्लंड-जर्मनीत कंपन्यांची चाचणी केंद्रं आहेत. खेळाडू आपली रायफल घेऊन जातो, ती शिकंजात आवळतात, म्हणजे माणसाचा हात मधे येत नाही. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडून बघतात, भोकं सगळ्यात जवळजवळ पडली तो लॉट उचलतात आणि वर्षभराचा साठा घेऊन ठेवतात. आपले अव्वल खेळाडूही हेच करतात.

आणि तालुक्याचं पोरगं? त्याला 50 ची जी पेटी मिळेल ती. सराव एका लॉटवर, स्पर्धा दुसऱ्यावर. गुण घसरले की कोच म्हणतो मन लाग नाही, बाप म्हणतो मोबाइल बंद कर. पेटीवरचा लॉट नंबर कोण बघतो?

गंमत बघा. सैन्यासाठी बंदुकीच्या गोळ्या आपल्याच राज्यात, खडकीला आणि वरणगावला, बनतात. म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात. 2010 ला म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी कोल्हापूरची. तरी अव्वल स्पर्धेसाठीच्या गोळीला आपण युरोपकडेच बघतो. तशी गोळी इथं बनायला वेळ लागेल, ते मान्य. पण पोरांच्या रायफलला कुठला लॉट बसतो हे तपासायला कारखाना लागत नाही.

बालेवाडीला 50 मीटरची एक बंदिस्त लेन, एक पक्का शिकंजा, एक इलेक्ट्रॉनिक टार्गेट आणि ते चालवणारा एक माहीतगार माणूस एवढंच लागतं. मिरवणुकीच्या मानानं खर्च किरकोळ. वेगवेगळ्या पाच-सहा लॉटच्या थोड्या पेट्या एकत्र मागवा. जिल्ह्याजिल्ह्यातल्या ज्युनिअर पोरांना वर्षातून दोनदा आपली रायफल घेऊन बोलवा. ज्याला जो लॉट बसेल तो त्याच्या नावावर राखून ठेवा आणि परवडेल अशा दरात द्या. नोंद परवान्यावर होतेच, त्यामुळे गैरवापराची भीती दाखवून टाळायचं कारण नाही.

आपल्या जिल्ह्यातले आमदार, क्रीडा अधिकारी यांना ही पोस्ट पाठवतोय. ज्यांची मुलं रेंजवर जातात त्यांनी कॉमेंटमध्ये लिहा, तुम्हाला पेट्या कुठल्या मिळतात, किती वेळ थांबावं लागतं, लॉट निवडायला कधी मिळालाय का. अधिवेशनाच्या आधी हे सगळं एकत्र करून लेखी द्यायचंय.