पंधरा हजार ओळींची एकच फाइल

मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने अंदाज मांडला : काहीच उपाय केले नाहीत, तर ब्रिटनमध्ये कोविडने सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू होतील. त्यामागचा प्रोग्राम तेरा वर्षांहून जुना, फ्लूसाठी लिहिलेला आणि टिपणांविना होता, हे नील फर्ग्युसन यांनीच सांगितले. घरे, शाळा, संसर्ग, सगळे सुमारे १५ हजार ओळींच्या एकाच फाइलमध्ये कोंबलेले! मायक्रोसॉफ्टसह इतरांनी त्याचे तुकडे पाडून तो नीट लावला, तेव्हा कुठे तो लोकांसमोर आला. केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी तो चालवून पाहिला. आकडे बहुतांशी जुळले.

मग तक्रार कशाची? उत्तर बरोबर येणे वेगळे आणि ते इतरांना वेळेत तपासता येणे वेगळे. शाळाबंदीचा हिशेब स्वतंत्र मॉड्यूलमध्ये असता, तर तेवढाच बाहेर काढून पाहता आला असता. बाहेरून घेतलेल्या लायब्ररींचेही तेच. कोणती, कितवी आवृत्ती, हे नोंदवले नाही तर काही वर्षांनी तोच प्रोग्राम चालेल याचा भरवसा नाही. हे काम पीएचडीच्या विद्यार्थ्याने रात्री जागून उरकायचे नसते. अनुदान मंजूर करतानाच त्यात प्रोग्रामरचा पगार धरायला हवा.