खेळ जुळेना, दोष कुणाचा?



शेतातली मोटार एखाद्या सकाळी चालू झाली नाही, तर घरचे काय करतात? कोणी लगेच विहिरीत उतरून मोटार वर काढत नाही. आधी वीज आहे का ते पाहतात, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार वर काढण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, कारण ते काम सर्वांत कष्टाचे आणि खर्चाचे. आमच्या परतूर भागातल्या शेतकऱ्याला ही रीत कोणी शिकवावी लागत नाही. पण संगणकापुढे बसलो की आपण ती विसरतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि मीही विसरलो होतो.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या आपला लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला. त्याला आणि माझ्या मुलीला ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग मिळून खेळायचा होता. हा खेळ १९९९ सालचा. एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर तो आठ जणांना एकत्र खेळता येतो. अशा घरातल्या घरात केलेल्या जोडणीला ‘लॅन’ म्हणतात. पुतण्याने आपल्या लॅपटॉपवर खेळ मांडला, पण मुलीच्या पडद्यावर तो दिसेचना. “काका, नेट बंद आहे, म्हणून जुळत नाही,” असा त्याने निकाल दिला. मी एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “विंडोज बिघडलं असेल. सगळं पुसून नव्यानं टाकू.” मी ‘बरं’ म्हणालो.

मुलगी ताडकन उठली. दोन पावसाळे रोज सकाळी मोजलेल्या पावसाच्या नोंदी तिने त्या संगणकात ठेवल्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. “बाबा, संगणकच बिघडलाय हे कशावरून?” तिने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. वर्गात हाच प्रश्न मी रोज मुलांना विचारतो! दुरुस्तीवाल्याला थांबवले, नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, आणि आम्ही तिघे वही घेऊन बसलो. वहीत पहिला नियम लिहिला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय झाले ते लिहायचे.

प्रथम ‘नेट बंद’ हे कारण तपासू. शेजारच्या घरी निरोप द्यायला परतूर स्टेशनात गाडी यावी लागत नाही. तसेच, एकाच राउटरला जोडलेल्या दोन संगणकांना एकमेकांशी बोलायला बाहेरचे इंटरनेट लागत नाही. तेव्हा हे कारण पुरेसे नव्हते.

मग ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन दोन्ही यंत्रांचे पत्ते पाहिले. लॅपटॉपचा पत्ता होता १९२.१६८.१.७. मुलीच्या संगणकाचा मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा. हा आकडा पुष्कळ काही सांगतो. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो. एखाद्या संगणकाने पत्ता मागितला आणि कोणीच उत्तर दिले नाही, तर तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. म्हणजे संगणक ठीक होता, त्याची मागणी राउटरपर्यंत पोहोचत नव्हती.

केबल बदलून पाहिली. फरक नाही, तसे लिहिले. मग राउटरच्या मागे पाहिले. तेथे पाच खाचा होत्या. वेगळ्या रंगाची एक खाच बाहेरून येणाऱ्या तारेसाठी, बाकीच्या चार घरातल्या संगणकांसाठी. दिवाळीच्या साफसफाईत दोन तारांची अदलाबदल झाली होती. साफसफाई कोणी केली? मीच! तारा जागच्या जागी लावताच संगणकाला १९२.१६८.१.५ हा पत्ता मिळाला, आणि बंद पडलेले नेटही परत आले.

पण खेळ अजूनही दिसेना! “म्हणजे आपलं निदान चुकलं,” पुतण्या म्हणाला. चुकले नव्हते. दोष दोन होते.

आता ‘पिंग’ची मदत घेतली. माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा कार्यक्रम. पाणबुडीचा शोध घेणारे सोनार जसा ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते, तसा हा दुसऱ्या संगणकाला एक हाक घालतो आणि उत्तराची वाट पाहतो. लॅपटॉपवरून मुलीच्या संगणकाला हाक घातली, उत्तर आले. उलट बाजूने घातली, तर सामसूम. उत्तर येऊ शकते, त्या अर्थी रस्ता दोन्ही दिशांनी मोकळा आहे. मग बंद आहे ते लॅपटॉपचे दार. हे दार म्हणजे फायरवॉल, अनोळखी हाका अडवणारा पहारेकरी. पुतण्याचा लॅपटॉप आमच्या घरालाही सार्वजनिक जागा समजत होता. ‘हे घर आहे’ असे त्याला सांगितले, आणि फक्त या खेळाला आत येण्याची परवानगी दिली. लगेच मुलीच्या पडद्यावर खेळ दिसला. पुष्कळ जण अशा वेळी फायरवॉल पूर्ण बंद करतात. एका पाहुण्याला आत घ्यायला कोणी घराचे दारच उखडून ठेवते का?

एवढे करूनही खेळ दिसला नाही तर? दोन्हीकडे खेळाची एकच आवृत्ती आहे ना, ते पाहा. मग मांडणाऱ्याचा पत्ता स्वतः टाइप करून जोडून पाहा. खेळ शोधणारा संगणक ‘कोणी डाव मांडलाय का?’ असे सर्वांना ओरडून विचारतो. पत्ता दिला की तो एकालाच विचारतो. पत्त्याने जुळले, तर वाटेत हरवत होती ती सर्वांना घातलेली हाक, असे समजावे. असे ओरडणे जपून करावे लागते. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ खेळाची पहिली आवृत्ती आपला प्रत्येक निरोप जाळ्यातल्या सर्व संगणकांना पाठवी. त्यामुळे कित्येक ठिकाणची जाळी तुंबली, आणि निर्मात्यांना पुढच्या आवृत्तीत ती चूक सुधारावी लागली.

आता माझे मत सांगतो. आम्ही आधी फायरवॉलला हात लावला असता, तर खेळ दिसला नसता, आणि निर्दोष ठरवून आम्ही तिला सोडून दिले असते. दोष दोन असले की बरोबर उपायही निरुपयोगी वाटतो. म्हणून ‘खेळ चालतो का?’ ही एकच मोठी कसोटी लावू नये. तिचे तुकडे करावेत : तार योग्य जागी आहे का? पत्ता मिळाला का? हाकेला उत्तर येते का? दार उघडे आहे का? प्रत्येक तुकड्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे स्वच्छ उत्तर मिळते. प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काय करतो?

शाळेच्या संगणककक्षात खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे पुष्कळ पालक आणि शिक्षक मानतात. मला ते पटत नाही. महिन्यातून एक तास मुलांना स्वतः जोडणी करू द्यावी. शिक्षकांनी मुद्दाम एखादी तार चुकीच्या खाचेत लावून ठेवावी, आणि मुलांनी दोष शोधावा. गुण जिंकण्याला नकोत, वहीतल्या नोंदींना द्यावेत. सर्व पुसून नव्याने टाकणेही कधी कधी लागते, पण ते विहिरीतून मोटार वर काढण्यासारखे आहे, शेवटी करायचे. आणि त्याआधी आपल्या नोंदींची दुसरी प्रत हवीच.

पावसाच्या नोंदी आता दोन ठिकाणी आहेत. त्या रात्रीच्या डावात मुलांनी मलाही घेतले, आणि मी सर्वांत आधी हरलो. का हरलो, तेही वहीत लिहून ठेवले आहे.