पाहुणे प्रोफेसर, भिंतीतला कॉम्प्युटर

भिंतीतल्या कॉम्प्युटरची गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. एखाद्या स्टार्टअपवाल्याच्या भाषणात, शिक्षक दिनाच्या फॉरवर्डमध्ये, नाहीतर रात्री एक वाजता स्क्रोल करताना. २६ जानेवारी १९९९. दिल्लीत कालकाजीला झोपडपट्टीला लागून एका कंपनीचं ऑफिस. मधल्या भिंतीला भोक पाडलं, त्यात इंटरनेट असलेला कॉम्प्युटर बसवला आणि माणसं बाजूला झाली. मुलं जमली. इंग्रजी येत नसताना, कुणी न शिकवता, बघता बघता ब्राउझिंग करायला लागली. तात्पर्य: मुलांना एकटं सोडा, ती आपोआप शिकतात.

प्रयोग करणारे सुगत मित्रा मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, आयआयटी दिल्लीचे पीएचडी. तेव्हा ते एनआयआयटीत होते, पुढे ब्रिटनमध्ये न्यूकॅसल विद्यापीठात शिक्षण-तंत्रज्ञानाचे प्राध्यापक झाले. आता एक गंमत बघा. एनआयआयटीचा धंदा काय होता? शहराशहरात क्लास काढून, फी घेऊन, शिक्षक समोर उभा करून कॉम्प्युटर शिकवणं. म्हणजे भिंतीच्या आतल्यांसाठी शिक्षक, एसी आणि सर्टिफिकेट. भिंतीच्या बाहेरच्यांसाठी भोक. बाहेरची मुलं शिक्षकाशिवाय शिकतात हे सिद्ध झाल्यावर आतले क्लास कुणी बंद केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मुलं काहीच शिकली नाहीत असं माझं म्हणणं नाही. माऊस, फोल्डर, पेंट, गाणी, गेम हे सगळं ती पटापट शिकली. पोरं शिकतातच. आपल्या घरातल्या दोन वर्षांच्या भाचीला यूट्यूबची ॲड स्किप करायला कुणी शिकवलं? माझं भांडण पुढच्या उडीशी आहे. 'मुलं यंत्र वापरायला आपोआप शिकतात' इथून 'मुलांना शिक्षण आपोआप मिळतं' इथपर्यंत एका उडीत जायचं, आणि उडी मारणाऱ्याने पुढे दुसऱ्या विषयाकडे वळायचं.

प्राध्यापकाला कुतूहल बदलायचा हक्क आहे. आज नेटवर्क, उद्या शिक्षण, परवा आणखी काही, यातूनच कधीकधी भन्नाट कल्पना निघतात. पण तात्पुरत्या आवडीचा खर्च कोण भरतं हे बघायला हवं. बॅटरीवर केलेला प्रयोग फसला तर बॅटरी फेकून देता येते. गावात केलेला प्रयोग फसला तर गाव तिथेच असतं आणि मुलांची ती दोन वर्षं परत येत नाहीत.

दिल्लीतल्या अशाच एका केंद्रावर कॅलिफोर्नियातले अभ्यासक मार्क वॉर्शॉअर गेले होते. त्यांनी २००२ मध्ये लिहिलं की इंटरनेट क्वचितच चालायचं, हिंदीत मजकूर जवळपास नव्हता आणि मुलं बहुतेक वेळ चित्रं काढत किंवा गेम खेळत होती. पायल अरोरा या संशोधिकेने उत्तराखंडात अल्मोड्याला काही महिने राहून तिथल्या दोन केंद्रांचं पुढे काय झालं ते पाहिलं. ती टिकली नव्हती. २०१० च्या त्यांच्या लेखातला प्रश्न साधा आहे: शाळा, शिक्षक, गाव यांच्याशी नातं न जोडता उभं केलेलं यंत्र टिकणार कुणाच्या जिवावर? आपल्या सिंधुदुर्गातही अशी केंद्रं उभी राहिली होती. कोकणातला पाऊस, लोडशेडिंग आणि खारी हवा ज्यांनी पाहिली आहे त्यांनी उघड्यावरच्या कीबोर्डचं आयुष्य मनाशी मोजावं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे डेमो आणि प्रॉडक्शन हे दोन वेगळे ग्रह असतात. डेमोला सगळं चालतं, टाळ्या पडतात, मॅनेजर खूश. मग सिस्टिम लोकांच्या हातात जाते आणि रात्री तीनला ज्याचा फोन वाजतो तो टाळ्यांच्या वेळी स्टेजवर नसतो. कुठलाही धड इंजिनिअर नवीन सिस्टिम बघितली की आधी विचारतो, बिघडली तर उठणार कोण? शिक्षणातल्या या मोठमोठ्या प्रयोगांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण विचारणारे सगळे डेमोला बोलावलेले पाहुणे असतात. माऊस तुटला, वायर उंदराने कुरतडली, ट्रान्सफॉर्मर जळला. ही रोजची जिंदगी आहे, आणि तिच्यावर पेपर छापून येत नाही.

आता सगळ्यात मजेशीर भाग, मित्रांच्या स्वतःच्याच आकड्यांचा. तामिळनाडूतल्या कलीकुप्पम गावात त्यांनी तमिळ बोलणाऱ्या मुलांसमोर इंग्रजीतून जैवतंत्रज्ञान ठेवलं. दोन महिन्यांनी परीक्षेत सुमारे ३० टक्के गुण. हे खरंच कौतुकाचं आहे. मग त्यांनी गावातल्या एका तरुणीला मदतीला घेतलं. तिला विषय येत नव्हता. तिने फक्त मुलांच्या मागे उभं राहायचं आणि आजी करते तसं 'वा, हे कसं केलंस? मला दाखव बरं' म्हणायचं. गुण ५० टक्क्यांच्या आसपास गेले.

म्हणजे वीस टक्के त्या बाईने आणले! रोज येणाऱ्या, मुलांना ओळखणाऱ्या, ती काय करताहेत यात रस घेणाऱ्या माणसाने. तरी जगभर गाजलं ते यंत्र आणि त्याचं स्वयंभू शिक्षण. त्या तरुणीला महिन्याला किती द्यावेत, अशा किती जणी लागतील, त्यांची नोकरी कायम करायची का, यावर भाषण होत नाही. आपल्याकडे अंगणवाडीताई आणि कंत्राटी शिक्षक मानधनासाठी मोर्चे काढतात तेव्हा त्यांच्या बाजूने कुठला प्रोफेसर हा वीस टक्क्यांचा आकडा घेऊन उभा राहिला?

'मी सगळं यूट्यूबवरून शिकलो' ही आमच्या इंडस्ट्रीची आवडती थाप आहे. ती मारणाऱ्यांच्या घरी टेबल होतं, खोलीचं दार लागत होतं, नापास झालं तर वडील आणखी एक वर्ष पोसणार होते आणि हॉस्टेलवर एक सीनियर होता जो रात्री दोनला एरर बघून द्यायचा. तो सीनियर या गोष्टीतून गाळला जातो. आमच्या तालुक्याच्या गावातला सायबर कॅफेही असाच. तासाला पंधरा रुपये, ऑर्कुट आणि गाणी. आम्ही तिथे 'स्वतः' शिकलो असं म्हणतो, पण कॉम्प्युटर हँग झाला की हाक कॅफेवाल्या दादालाच जायची. आणि आमच्या वर्गातली एकही मुलगी तिथे कधी दिसली नाही. भिंतीतलं भोक सगळ्यांसाठी उघडं असतं म्हणतात. भोकासमोर पुढे कोण उभं राहतं, घरी पाणी भरायला कुणाला परत बोलावतात, हे बघायला त्या गल्लीत राहावं लागतं.

गेम आणि गाण्यांनाही माझा विरोध नाही, उलट मला चीड येते ती त्यांना शिक्षणाचा मुलामा देण्याची. श्रीमंताच्या मुलाने गेम खेळला तर तो गेम असतो. गरिबाच्या मुलाने खेळला तर एक अभ्यासक म्हणतो 'वेळ वाया' आणि दुसरा म्हणतो 'समस्या सोडवण्याचं कौशल्य'. अरोरांनी पुढे २०१९ मध्ये एक अख्खं पुस्तक याच मुद्द्यावर लिहिलं: गरीब माणूसही इंटरनेटवर प्रेम, टाइमपास, सिनेमा शोधायलाच जातो, तुमच्या-माझ्यासारखाच. त्याने प्रत्येक क्लिकमधून स्वतःचा उद्धार करावा ही अपेक्षा फक्त त्याच्याकडूनच का?

आणि हा मामला एकट्या मित्रांचा नाही. एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटी मूळचे आर्किटेक्ट. २००५ मध्ये त्यांनी प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायची घोषणा केली. २००७ मध्ये तो आपल्या कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेतही आला. पेरू देशाने लाखांनी लॅपटॉप घेतले, आणि २०१२ मधल्या पद्धतशीर पाहणीत गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. लॅपटॉप शंभर डॉलरलाही कधी मिळाला नाही, ते वेगळंच.

मग आपल्या देशाने इच्छा नसताना सगळ्यात मोठा प्रयोग केला. कोविडमध्ये शाळा बंद आणि मुलांच्या हातात फोन. 'असर'च्या ग्रामीण पाहणीनुसार स्मार्टफोन असलेली घरं २०१८ मधल्या सुमारे ३६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये जवळपास ७५ टक्क्यांवर गेली. त्याच काळात दुसरीचा धडा वाचता येणारी तिसरीतली मुलं २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आली. शिक्षक गेला, यंत्र दुपटीने आलं आणि वाचन घसरलं. तरी आता एआय शिक्षकाच्या जाहिरातींत तीच गोष्ट नवे कपडे घालून आली आहे, आणि माझ्याच वयाचे इंजिनिअर ती विकताहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत जागा रिकामी असेल तर भरायची कशाला, ॲप आहे की!

मित्रांना २०१३ मध्ये टेड पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले. त्यातून 'स्कूल इन द क्लाउड'च्या सात प्रयोगशाळा निघाल्या, पाच भारतात आणि दोन इंग्लंडमध्ये. भारतातली एक फलटणला, कमला निंबकर बालभवन या शाळेत.

ही शाळा ज्या संस्थेची आहे ती मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केली. त्याही प्रोफेसरच, अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ. साठच्या दशकात फलटणला पोचल्या त्या तिथली मराठी कोणत्या समाजात कशी बोलली जाते याचा अभ्यास करायला. पीएचडी झाल्यावर सामान बांधून जायला कुणाची ना नव्हती. पण दलित वस्तीतली मुलं शाळेत जाऊनही वाचायला शिकत नाहीत हे त्यांना दिसलं आणि त्या मुलांना घेऊन बसायला लागल्या. वाचायला शिकवायची पद्धत घडवली, १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली, भारताचं नागरिकत्व घेतलं. मुलं त्यांना मॅक्सीनमावशी म्हणतात.

क्लाउडमधली शाळा फलटणला आली तेव्हा तिथे आधीपासून जमिनीवरची शाळा होती. वीज गेली की बघणारं कुणीतरी होतं. त्या माणसांच्या पगाराला दहा लाख डॉलर कोण देणार आहे?