सुई आणि कसोटी

ॲक्युपंक्चर या चिनी सुई-उपचाराला महाराष्ट्राने २०१५ च्या स्वतंत्र अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान दिले. उपचारकांची नोंदणी परिषदेकडे आली, हे योग्यच झाले. तथापि नोंदणी म्हणजे गुणाची पावती नव्हे. ‘शासनमान्य’ या शब्दाने भारून जाणाऱ्या आपल्या समाजात हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात हा प्रश्न पुस्तकी नाही. भातलावणीत दिवसदिवस वाकून कंबर धरलेली बाई, ओझे घेऊन चढण चढणारा म्हातारा, यांचे दुखणे जीव घेत नाही. पण पाठही सोडत नाही. वेदनाशामक गोळ्या सतत खाव्यात, तर जठराला व मूत्रपिंडाला अपाय. अशा माणसाला कोणी सुयांनी आराम पडेल म्हटले, तर तो जाणारच. त्याला अडाणी म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आराम खरोखर पडतो काय? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनंतर लक्षणीय गुण आला तो ठरावीक बिंदूंवर सुया टोचलेल्या सुमारे ४८ टक्के रुग्णांना, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या ४४ टक्क्यांना, आणि औषधे-व्यायाम घेणाऱ्या अवघ्या २७ टक्क्यांना. सुईचा पुरस्कर्ता पहिला आणि तिसरा आकडा सांगतो. विरोधक पहिला आणि दुसरा. प्रामाणिक माणसाने तिन्ही सांगावेत. आराम पडतो हे खरे, पण बिंदूंचे शास्त्र त्यातून सिद्ध होत नाही. कंबरदुखीच्या या दाखल्यावर मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याची पाटी लावणे ही तर उघड फसवणूक होय.

तिन्ही आकडे सांगण्याची ही वृत्ती महाडला परकी नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, हृदय निकामी होऊन दगावत. मांत्रिक हतबल होता आणि डॉक्टरही. बावस्करांनी रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपली निरीक्षणे छापली, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीने मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आणले. विशेष हे की, ज्या गोळीने त्यांना कीर्ती दिली तीच त्यांनी पुन्हा कसोटीस लावली. महाडच्या ७० रुग्णांवरील चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ गोळी घेतलेल्या ३५ पैकी आठच. गोळी एकटी मागे पडते, हे त्यांनी स्वतःच २०११ मध्ये ‘बीएमजे’त जाहीर केले.

सुई-उपचाराच्या परिषदेने नोंदणीकृत उपचारकांकडून एवढेच मागावे: कोणत्या दुखण्यावर किती बैठका झाल्या आणि सहा महिन्यांनी रुग्णाची स्थिती काय, याची नोंदवही. पोलादपूरच्या वाडीवरून एसटीने येऊन दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या रुग्णाला ते आकडे विचारता आले पाहिजेत. सुई प्रत्येकास नवी आणि निर्जंतुक हवी, हे वेगळे सांगायला नको. मात्र छातीत कळ आली, हातपाय अचानक लुळे पडले, वा सर्पदंश-विंचूदंश झाला, तर सुईला हातही न लावता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात धाडण्याचे बंधन नोंदणीच्या अटींतच लिहिलेले असावे.